१४ वर्षांनी पुन्हा बुडबुडे

इंग्लंडमध्ये लीड्सला धाकट्या भावाच्या गॅरेजात माझी बादली १४ वर्षं पडून होती. २३ लिटरची, पांढरी, तळाशी नळ असलेली. २००४ ते २००९ या काळात मी तिच्यात चाळीसेक वेळा बीअर लावली असेल. मग डोंबिवलीला परतलो आणि सगळं थांबलं. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे, आणि घरी बीअर करणाऱ्यासाठी परवान्याची सोय नाही. कायदा मोडायचा नव्हता, म्हणून बादली तिथेच ठेवून आलो.

लीड्सला पहिल्यांदा हे शिकलो तेव्हा फारसं परकं वाटलं नव्हतं. आई नाचणीचं सत्त्व करायची. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायची, वाळवायची, दळायची. बार्लीचं मॉल्ट करतात ते असंच. मोड येताना दाण्यात जी पाचक द्रव्यं तयार होतात, तीच पुढे ६६-६७ अंशांच्या पाण्यात तासाभरात पिष्टाची साखर करतात. ते गोड पाणी हॉप्स घालून उकळायचं, निववायचं, यीस्ट घालायचं. पुढचं काम यीस्टचं. आपण स्वच्छता राखायची आणि तापमान सांभाळायचं. हे सगळं फोनवर ऐकून आई म्हणाली होती, "म्हणजे इडलीचं पीठच की रे!"

मी परतलो त्याच वर्षी पुण्यात डूलाली हा स्वतःची बीअर बनवणारा पब सुरू झाला. मूळ इंग्रजी शब्द आपल्या देवळालीवरून आलेला. तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहून सैनिक भ्रमिष्ट होत, त्यावरून. पुढे गेटवे ब्रुइंग कंपनी खुद्द डोंबिवलीत बीअर बनवू लागली. ज्या गावाचं नाव रासायनिक कारखान्यांमुळेच घेतलं जायचं, तिथली बीअर मुंबईच्या बारमध्ये नळातून ग्लासात पडू लागली. त्यांची गव्हाची व्हाइट झेन प्यायला मी मुद्दाम मुंबईला गेलो होतो. अभिमान वाटला, आणि हात शिवशिवले ते वेगळंच.

२०२३ च्या उन्हाळ्यात तीन महिन्यांसाठी भावाकडे गेलो. पहिल्याच आठवड्यात बादली काढली, घासली, जंतुनाशकात बुडवली, बीअर लावली. दहा दिवसांनी चव घेतली तर आंबट! नळाची रबरी चकती मी बदललीच नव्हती. तिच्या भेगांत जंतू बसले होते. पूर्वी अशी चूक माझ्याकडून झाली नसती. कृती डोक्यात शाबूत होती, हाताची सवय मात्र मोडली होती. २३ लिटर ओतून देताना फार वाईट वाटलं.

दुसऱ्या खेपेला नवी बादली घेतली आणि भावाने क्वाइक नावाचं यीस्ट आणून दिलं. या मधल्या वर्षांत घरगुती बीअरमध्ये जे जे बदललं, त्यात मला सर्वांत मोलाचं हेच वाटतं. पश्चिम नॉर्वेतल्या शेतकरी घरांनी ते विरजणासारखं पिढ्यान्‌पिढ्या जपलं. लाकडी कड्यांवर वाळवून पुढच्या खेपेसाठी ठेवलं. साधं एल यीस्ट २५ अंशांच्या वर गेलं की बीअरला उग्र, झोंबरी चव येते. क्वाइक ३५ अंशांतही नीट काम करतं. पूर्वी मला वाटायचं, कायदा आड आला नसता तरी डोंबिवलीच्या मे महिन्यात बीअर होणार कशी? ती अडचण आता उरली नाही.

निघण्यापूर्वी ठाण्याच्या जांभळी नाक्यावरून नाचणी आणली होती आणि आईच्या पद्धतीने मोड आणून वाळवली होती. त्यातली अर्धा किलो मॉल्टमध्ये मिसळली. गरम पट्टा गुंडाळून बादली ३५ अंशांवर ठेवली. सहा तासांत झाकणावरचा एअरलॉक बोलू लागला. मी आणि भाऊ गॅरेजात खुर्च्या टाकून ते बुडबुडे ऐकत बसलो. चार दिवसांत हायड्रोमीटरवरची घनता १.०४६ वरून १.०१० वर आली, म्हणजे साधारण पावणेपाच टक्के अल्कोहोल. बाटल्या भरल्या, तीन आठवडे थांबलो. तांबूस रंग, अंगाला हलकी, शेवटी नाचणीचा भाजका वास. आजवरच्या माझ्या बीअरमध्ये मी हिला पहिला नंबर देतो.

इंग्लंडमध्येही घरच्या बीअरला एके काळी परवाना लागायचा. १९६३ साली तो रद्द झाला; विकायची मात्र नाही, हे बंधन राहिलं. महाराष्ट्र शासनाने निदान परवाना तरी सुरू करावा. वर्षाला ठरावीक लिटर, फक्त घरापुरती, विक्रीला पूर्ण बंदी, वयाची अट आहे तीच. शुल्क आणि तपासणी, दोन्ही आनंदाने मान्य आहेत. मोड आलेली अर्धा किलो नाचणी डोंबिवलीत डब्यात तयार आहे.