धनुष्य घ्यायचंय? आधी टेप काढा!

बालमित्रांनो, आपल्या बुलढाण्याचा प्रथमेश जावकर तुम्हांला ठाऊक असेलच. मे २०२३ मध्ये चीनमधल्या शांघायला तिरंदाजी विश्वचषकाची एक फेरी झाली. अंतिम सामन्यात त्याच्यासमोर होता नेदरलँड्सचा नामांकित तिरंदाज माइक श्लोसर. प्रत्येकी पंधरा बाण, एकूण १५० गुण. श्लोसरला मिळाले १४८ आणि १९ वर्षांच्या प्रथमेशला १४९! त्याच वर्षी ऑक्टोबरात चीनमध्येच, हांगचौच्या आशियाई स्पर्धेत, ओजस देवतळे आणि अभिषेक वर्मा यांच्यासोबत त्याने भारताला सांघिक सुवर्णपदकही मिळवून दिलं.

अशी बातमी वाचली की घरोघरी एकच हट्ट सुरू होतो, "बाबा, मलाही तसंच धनुष्य हवं!" प्रथमेशचं धनुष्य कंपाउंड प्रकारचं. स्पर्धेचा असा पूर्ण संच लाखांच्या घरात जातो. मग कापूस-सोयाबीनच्या पैशांवर घर चालवणाऱ्या बाबांनी काय करावं? घाबरू नका. या खेळात पायरीपायरीनं खर्च करता येतो.

पहिली पायरी बांबूची. आपल्याकडे शालेय स्पर्धांत तीन गट असतात : इंडियन, रिकर्व्ह आणि कंपाउंड. इंडियन गटाचं साधं लाकडी-बांबूचं धनुष्य काही हजारांत येतं. ते कमी दर्जाचं समजू नका हं! राजस्थानचा लिंबा राम लहानपणी बांबूच्या धनुष्यानेच शिकार करायचा. पुढे तो १९८८, १९९२ आणि १९९६ अशी तीन ऑलिम्पिक खेळला.

त्याहून स्वस्त उपाय म्हणजे सुरुवातीला काहीच विकत न घेणं! जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जा, जवळ तिरंदाजी कुठे शिकवतात ते विचारा. प्रशिक्षण केंद्रात धनुष्य असेल तर पहिले काही महिने त्यावरच सराव करा. गोडी टिकते का, ते तेवढ्यात कळतंच.

आता टेप काढा. दोन्ही हात आडवे पसरा आणि एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत माप घ्या. त्याला अडीचने भागा. ही झाली तुमची अंदाजे 'ड्रॉ लेंग्थ', म्हणजे तुम्ही दोरी किती मागे ओढाल ते अंतर. माप १५० सेंटिमीटर आलं, तर उत्तर ६० सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेतेवीस इंच. बाण यापेक्षा एक-दोन इंच लांबच हवा. आखूड बाण ओढताना आत घसरतो आणि थेट हाताला इजा करू शकतो.

दुसरं माप ताकदीचं. दोरी ओढायला लागणारा जोर पाउंडात मोजतात. बारा-तेरा वर्षांच्या नवशिक्याला १४ ते २० पाउंड पुष्कळ झाले. दोरी पूर्ण ओढून वीस सेकंद धरा. हात थरथरला तर ते धनुष्य तुमच्यासाठी जड. "पुढे वाढेल तेव्हा चालेल" म्हणून मोठा शर्ट घेतला तर बाही दुमडता येते. जड धनुष्य घेतलं तर खांदा दुखतो, नेम बिघडतो आणि शेवटी धनुष्य खुंटीवर!

रिकर्व्ह घ्यायचं झालं तर सुटं होणारं घ्या. मधल्या दांड्याला 'रायझर' आणि वरखालच्या पात्यांना 'लिम्ब' म्हणतात. ताकद वाढली की फक्त लिम्ब बदलायचे, रायझर तोच. आय.एल.एफ. जोडणीचा रायझर असेल तर दुसऱ्या कंपनीचे त्याच जोडणीचे लिम्बही बसतात.

कंपाउंडची गंमत वेगळीच. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या हॉलिस ॲलन यांनी धनुष्याच्या टोकांना चाकं बसवली. त्यांच्यामुळे दोरी पूर्ण ओढल्यावर भार एकदम हलका होतो. ५० पाउंडांचं धनुष्य, ८० टक्के भार कमी. म्हणजे हातावर उरले फक्त १० पाउंड! म्हणूनच नेम स्थिर राहतो. स्पर्धेत तो लागतोच : ५० मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ अवघं ८ सेंटिमीटरचं, चहाच्या कपाच्या तोंडाएवढं.

जुनं धनुष्य घेताना प्रशिक्षकांना सोबत न्या. लिम्ब पिळलेले नाहीत ना, तडे नाहीत ना, ते पाहा. दोरीचे धागे सुटले असतील तर नवी दोरी बसवा. कंपाउंडची ड्रॉ लेंग्थ तुमच्या मापाला जुळवता येते का, ते आधी विचारा. कार्बनचा बाण हलकेच वाकवून कानाशी धरा. कडकड आवाज आला तर तो बाद.

आणि बाण न लावता दोरी ओढून कधीही सोडू नका बरं! बाणाला मिळायची सारी शक्ती धनुष्यातच शिरते आणि ते मोडू शकतं. हाताचा आर्मगार्ड आणि बोटांचा टॅब मात्र पहिल्या दिवसापासून हवाच. पैसे वाचवायची ती जागा नव्हे. सरावही प्रशिक्षकांच्या देखरेखीखालीच.

पालकांनो, २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा पहिल्यांदाच होणार आहे. मुलांचा हट्ट आणखी वाढेल! तेव्हा कर्ज काढायच्या आधी एवढंच बघा : हे धनुष्य आपल्या मुलाच्या हाताचं आहे, की जाहिरातीतल्या खेळाडूच्या?