बरगडीतून घडतो कान!

कानाची पाळी जन्मतःच अर्धवट राहिली, तर नवा कान आणायचा कुठून? उत्तर आपल्याच छातीत आहे. मात्र त्याची किंमतही छातीलाच मोजावी लागते.

वाचता वाचता जरा कान पकडा. घाबरू नका, उठाबशा काढायच्या नाहीत! फक्त वरची कड दुमडा आणि सोडा. टुणकन जागेवर आली ना? कारण आत हाड नाही, कार्टिलेज आहे. म्हणजे शाळेच्या पुस्तकातली कूर्चा.

काही हजार बाळांमागे एखाद्याचा हा भाग नीट तयारच होत नाही. याला म्हणतात मायक्रोशिया. बहुतेकदा एकच कान, त्यातही उजवा जास्त. कानाच्या जागी शेंगदाण्यासारखा छोटासा उंचवटा. मग केस कायम एका बाजूला, फोटोत ठरलेला अँगल आणि मीटिंगमध्ये भिंतीकडची खुर्ची. चष्म्याची काडी अडकवायची कुठे, हा प्रश्न तर रोजचाच.

आणि घरात? ‘ग्रहणात हिने विळी हातात घेतली असणार,’ म्हणून सगळं खापर आईच्या माथी! यात काडीचंही तथ्य नाही. कानाची घडण गरोदरपणाच्या सुरुवातीच्या आठवड्यांतच सुरू होते. तिथे काय बिनसलं, याचं नेमकं कारण बहुतेक वेळा सापडतच नाही.

छातीच का?

बरगडी सगळी हाडाची नसते. पुढे, छातीच्या मध्याकडे ती कार्टिलेजची होते. सहाव्या ते नवव्या बरगडीपाशी हा माल भरपूर मिळतो. कार्टिलेजला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, आजूबाजूच्या पेशीजालातून झिरपेल त्यावर ते जगतं. म्हणूनच जागा बदलली तरी तग धरतं. शिवाय माल घरचाच, त्यामुळे शरीर त्याला परकं मानत नाही.

मग सुरू होतं अस्सल शिल्पकाम. चांगल्या कानावर पारदर्शक फिल्म ठेवून आराखडा काढायचा, तो उलटा करायचा, की झाला दुसऱ्या कानाचा नमुना. जोडलेल्या बरगड्यांच्या तुकड्यातून तळ कोरायचा, आठव्या बरगडीच्या लांब पट्टीची कड वळवायची आणि बारीक तारेने सगळं बांधायचं. हा सांगाडा कानाच्या जागी कातडीखाली सरकवतात आणि बारीक नळीने आतली हवा व द्रव ओढून घेतात. कातडी सांगाड्याला चिकटते आणि टेबलावरच कान दिसू लागतो! साधारण सहा महिन्यांनी दुसरं ऑपरेशन. त्यात कान डोक्यापासून उचलून मागे आधार आणि कातडी लावतात.

ही कल्पना आजची नाही. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांचे चेहरे सावरणाऱ्या हॅरल्ड गिलीज यांनी 1920 मध्येच बरगडीच्या कार्टिलेजचा कान करून पाहिला होता. अमेरिकेच्या रॅडफर्ड टँझर यांनी 1959 मध्ये आजच्या पद्धतीचा पाया घातला. बर्ट ब्रेंट यांनी ती चार टप्प्यांत बसवली, तर जपानच्या सातोरू नागाता यांनी 1993 मध्ये दोन टप्प्यांची पद्धत मांडली.

मध्ये सिलिकॉनचे तयार सांगाडेही आले. पण अनेकांच्या बाबतीत ते कातडी फाडून बाहेर डोकावले. आता सच्छिद्र प्लॅस्टिकचा पर्याय आहे. बरगडीला हात लागत नाही आणि लहान वयात, एकाच मोठ्या ऑपरेशनमध्ये काम होऊ शकतं. पण जखम उघडी पडली, तर परका पदार्थ त्रास देतो. पेशींपासून थ्रीडी प्रिंट केलेला कान बसवल्याची बातमी 2022 मध्ये गाजली खरी, पण तो अजून नेहमीचा उपचार झालेला नाही.

किंमत किती?

पैशांची नाही, शरीराची. सुरुवातीचे काही दिवस श्वास घेताना, खोकताना, हसताना छाती दुखते. व्रण कायमचा. बरगडीच्या मागेच फुप्फुसाचं आवरण असतं. ते फाटलं नाही ना, हे पाहायला सर्जन जखमेत सलाइन ओततात आणि बुडबुडे येतात का ते बघतात. फार लहान वयात जास्त कार्टिलेज काढलं, तर छाती खोलगट होऊ शकते. म्हणून घाई नको. ब्रेंट पद्धतीत साधारण सहा वर्षांनंतर, तर नागाता पद्धतीत दहाव्या वर्षाच्या आसपास आणि छातीचा घेर किमान 60 सेंटीमीटर झाल्यावर ऑपरेशन करतात.

मोठेपणी उशीर झाला का? तसं नाही. मात्र वयाबरोबर कार्टिलेज कडक होत जातं, हाडासारखं ठिसूळही. कोरणं अवघड होतं, अशक्य नाही.

आणखी एक. या ऑपरेशनने ऐकू येत नाही! मायक्रोशियात बऱ्याचदा कानाचं छिद्रही बंद असतं. ऐकण्याचा इलाज वेगळा, हाडातून आवाज पोचवणारं यंत्र वगैरे. बाळाच्या श्रवणाची तपासणी तर जन्मानंतर लगेच हवी, ती ऑपरेशनच्या वयापर्यंत थांबवायची नाही.

नवा कान जुन्यासारखा लवचीक नसतो, थोडा ताठच असतो. काहींना तो हवा असतो, काही जण आहे तसेच मजेत असतात. दोन्ही बरोबर. फक्त निर्णय ज्याचा कान त्याचा असावा, लग्नाच्या बाजारात फोटो पाठवणाऱ्या नातेवाइकांचा नव्हे!

सर्जनना हे नक्की विचारा
• असे किती कान तुम्ही केलेत? वर्षभरानंतरचे फोटो दाखवाल?
• एकूण ऑपरेशन्स किती, मध्ये अंतर किती?
• छातीचं दुखणं आटोक्यात कसं ठेवणार?
• ऑफिसला सुट्टी किती दिवसांची लागेल?
• सांगाडा उघडा पडला, तर पुढे काय?