पऱ्हाटीतला कार्बन

सकाळी ७. वर्ध्याच्या आमच्या कॉलेजात आल्या-आल्या ओव्हनकडे जातो. काल पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडाची, पूड पाण्यात कालवून, टेफ्लॉनच्या अस्तराच्या पोलादी ऑटोक्लेव्हमध्ये १८० अंशांवर ठेवली होती. रात्रीतून ती निवलेली असते. गरम असताना झाकण उघडायचं नाही, आत दाब असतो. तपकिरी, जळकट वासाचं पाणी गाळायला लावतो. वेचणी संपली की पऱ्हाट्या चुलीत जातात, नाहीतर शेतातच पेटतात. त्यांतून कार्बन डॉट म्हणजे दहा नॅनोमीटरहून बारीक कण काढणं, हे माझं संशोधन.

७.४५. प्रथम वर्षाचा तास, कार्बनची अपरूपं. साठ अणूंचा फुलरीन १९८५मध्ये सापडला. क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांना १९९६चं नोबेल मिळालं. पण प्रत्यक्ष यंत्रावर बसलेले जेम्स हीथ आणि शॉन ओब्रायन तेव्हा विद्यार्थी होते, हे मी दरवर्षी मुद्दाम सांगतो.

१०. प्रॅक्टिकल. देवळी, सेलूची मुलं एसटीनं पोचलेली असतात. जवसाच्या तेलाचं सॅपोनिफिकेशन मूल्य काढायचं आहे. तेल न घालता करायचं ब्लँक टायट्रेशन मुलांना नेहमी फुकटचं काम वाटतं. मी ते टाळू देत नाही.

१. डबा, हजेरी, गुणांच्या नोंदी.

२.३०. दिवसातली माझी सगळ्यात आवडती वेळ. पडदे ओढून, गाळलेलं द्रावण पातळ करून अतिनील दिव्याखाली धरलं की ते निळं उजळतं. तृतीय वर्षाच्या एका मुलीनं फेरिक क्लोराइडचे थेंब सोडले आणि उजेड मंदावला.

"सर, हे काहून विझलं?"

लोहाचे आयन कणांच्या पृष्ठभागावरच्या ऑक्सिजनला चिकटतात आणि ऊर्जा प्रकाश न होताच निघून जाते, असं पुस्तकी उत्तर तयार होतं. पण फेरिक क्लोराइड स्वतःही अतिनील किरण शोषतं. म्हणजे खरं विझणं किती आणि नुसता आडोसा किती? मी तिला कार्बन डॉट न घालता फक्त लोहाच्या द्रावणाचा वर्णपट घ्यायला सांगितलं. "म्हणजे सकाळचं ब्लँकच की, सर!" ती म्हणाली. संशोधनासाठी पदवीचे तास कमी करून घ्या, असं सुचवणाऱ्यांना मी म्हणूनच नकार देतो.

५. नमुन्यांवर चिठ्ठ्या लावतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी ते बाहेर पाठवावे लागतात.

पदवी महाविद्यालयांतल्या सहकाऱ्यांना एक विनंती आहे : विभागातला अतिनील दिवा कपाटात कुलूपबंद ठेवू नका. चष्मा आणि हातमोजे घालून, तुमच्या देखरेखीखाली, तो मुलांना हाताळू द्या.