रोगाआधीची विद्या

विहिरीत पडलेल्यास वर काढणाऱ्याचा गावात सत्कार होतो. कठडा बांधणाऱ्याचे नावही कोणी विचारीत नाही. समाजातील आजार, व्यसने व अपघात यांची कारणे आधीच शोधून ती दूर करणे, ही कठडा बांधणाऱ्याची विद्या होय. तिचे शिक्षण आपल्यापासून दूर नाही. १९३६ साली नागपाड्यास समाजकार्याचे जे विद्यालय निघाले, तेच पुढे देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून नावारूपास आले. सार्वजनिक आरोग्याचे पदव्युत्तर शिक्षणही तेथे मिळते. रोग कोणाला, कोठे व का होतो याची मोजदाद करणे, योजिलेला उपाय लागू पडला की नाही हे पडताळणे, आणि वस्तीत बसून लोकांचे ऐकणे, ही या शिक्षणाची तीन अंगे.

आपल्या पनवेलजवळ नेरे येथे कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन आहे. कुष्ठरोग लवकर ओळखला तर व्यंग टळते. पण त्यासाठी घरोघर जाणारे, विश्वासाचे माणूस लागते. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानापासून असे फिरणे आशाताईंच्या वाट्याला आले. त्यांना पगार नाही, कामागणिक मोबदला मिळतो. टळलेला आजार डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो टाळणारीचे श्रम स्वस्त ठरतात. पदवीधरांनी हा न दिसणारा हिशेब मांडून दाखवावा. तरच त्यांच्या विद्येला आणि आशाताईंच्या श्रमाला योग्य दाम मिळेल.