गुपित राखणारी भिंत

पुण्यातल्या एका वकिलांकडे मी सदनिकेच्या कागदपत्रांसाठी गेले होते. आधीच्या अशिलाचं काम लांबलं होतं, म्हणून बाहेर सोफ्यावर बसले. कार्यालय नवंकोरं. पायाखाली चकचकीत संगमरवर, छतात लपवलेले दिवे आणि वकीलसाहेबांची केबिन पूर्ण काचेची. आत एक बाई बोलत होत्या. सासऱ्यांनी मृत्युपत्र कधी बदललं, दिराने कुठल्या कागदावर सही घेतली, दागिने सध्या कुणाच्या लॉकरमध्ये आहेत... शब्द न् शब्द बाहेर येत होता. बाहेर आम्ही चौघं. चौघांनीही माना खाली घालून मोबाइल उघडले होते आणि चौघांनाही सगळं ऐकू येत होतं. बाई बाहेर आल्या, पदराने डोळे पुसले आणि आमच्याकडे पाहून क्षणभर थबकल्या. आपलं बोलणं इथवर पोहोचलं, हे त्यांना कळलं होतं.

कार्यालयांची अंतर्गत रचना करणं हा माझा व्यवसाय. तोवर मीही वकिलांच्या कार्यालयाचा विचार लाकूड, रंग, दिवे अशाच क्रमाने करत असे. त्या दिवसापासून पहिला प्रश्न आवाजाचा असतो.

अशील वकिलाला जे सांगतो ते कायद्याने जपलेलं गुपित आहे. पूर्वी १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम १२६ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १३२ आहे. बेकायदा हेतूसाठी झालेलं बोलणं वगैरे मोजके अपवाद सोडले, तर अशिलाच्या स्पष्ट संमतीवाचून वकिलाला त्यातलं काही उघड करता येत नाही. दीडशे वर्षं कायद्याने जे जपलं, ते अर्ध्या इंचाच्या जिप्सम बोर्डाने चव्हाट्यावर आणावं, हे मला सहन होत नाही.

हा विषय आत्ता काढायला कारण आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचं काम तिथे चालतं. न्यायालय आलं की मागोमाग वकिलांची कार्यालयं येतात. ती थाटताना मुंबई-पुण्याच्या काचेच्या केबिनींची नक्कल होऊ नये, असं मनापासून वाटतं.

आवाज नेमका कुठून निसटतो? बहुतेक वेळा वरून. केबिनची पार्टिशन फॉल्स सीलिंगला टेकते आणि तिथेच थांबते. वरच्या पोकळीत दोन खोल्यांमध्ये भिंतच नसते. बोलणं सीलिंगच्या हलक्या टाइल्समधून वर जातं आणि शेजारच्या खोलीत उतरतं. म्हणून पार्टिशन जमिनीपासून थेट स्लॅबपर्यंत न्यायची, हा पहिला नियम. दुसरा भाग भिंतीच्या पोटातला. दोन्ही बाजूंना एकेक बोर्ड आणि मधे पोकळी, अशा भिंतीची आवाज अडवण्याची क्षमता एसटीसी या मापात साधारण ३५ भरते. पलीकडे मोठ्याने बोललेलं समजतं. दोन्हीकडे दोन-दोन बोर्ड लावून मधे रॉकवूल भरलं, की आकडा ५० च्या आसपास जातो आणि शब्द कळेनासे होतात. खर्च वाढतो, पण संगमरवराच्या बिलाशी ताडून पाहा.

मात्र फट राहिली तर हा सारा खर्च पाण्यात. भिंतीच्या क्षेत्रफळाच्या एक टक्का जागा जरी उघडी राहिली, तरी भिंत कितीही भारी असो, तिला वीस डेसिबलच्या वर आवाज अडवता येत नाही. दाराखालची बोटभर फट, दोन खोल्यांच्या पाठीला पाठ लावून बसवलेले स्विचबोर्ड, सरळ आरपार गेलेला एसीचा डक्ट या त्या जागा. दार भरीव हवं आणि लागताना खाली उतरणारी रबरी पट्टी त्याला हवी. सुतार ही पट्टी विसरतो. मी दर वेळी ती स्वतः तपासते.

मुंबईत फोर्टमधल्या जुन्या इमारतींत हे काम निम्मं आधीच झालेलं असतं. उच्च न्यायालयाची गॉथिक इमारत १८७८ मध्ये पूर्ण झाली. कर्नल फुलर यांनी तिचा आराखडा केला. २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदवलेल्या मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूहात ती आहे. त्या परिसरातल्या जुन्या कार्यालयांत हातभर जाडीच्या भिंती आणि उंच छतं सापडतात. अशा भिंती पाडून ‘मोकळी’ जागा करायची आणि नंतर तिथे काच लावायची, हा मला शुद्ध तोटा वाटतो.

कागदाचं वजन हा दुसरा विषय, आणि तो धोक्याचा आहे. संगणक आले तरी वकीलपत्रं, मूळ दस्त, जुन्या फायली राहतातच. जागा वाचते म्हणून रुळांवर सरकणारे कॉम्पॅक्टर घेतले जातात. भारतीय मानकानुसार, साठवणीची सोय वेगळी असलेल्या कार्यालयातल्या खोलीचा भार चौरस मीटरला सुमारे अडीचशे किलो धरतात. ग्रंथालयाच्या कपाटांच्या खोलीला तोच सहाशेच्या पुढे जातो. तेव्हा स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय जुन्या स्लॅबवर कॉम्पॅक्टर चढवू नये. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नये. आपल्याकडच्या पावसात ओल येते, ओलीमागून वाळवी. आणि फायलीच्या पाठीवर पक्षकाराचं नाव लिहू नये, नुसता क्रमांक पुरे. समोर बसलेला माणूस ओळीने नावं वाचत असतो.

नागपूरच्या ए.आय.आर.चे, म्हणजे न्यायनिवाड्यांचे, जाडजूड खंड मात्र मला हवेसे वाटतात. निकाल आता संगणकावर मिळतात, पण पुस्तकांनी भरलेली भिंत खोलीतला घुमारा कमी करते आणि हाताशी असलेलं पुस्तक उघडलंही जातं.

व्हिडिओ सुनावणीसाठी छोटी वेगळी खोली ठेवावी: मागे साधी भिंत, उजेड समोरून, पाठीशी खिडकी नाही. मध्यस्थी कायदा २०२३ मध्ये आल्यानंतर तडजोडीच्या बैठकींचा विचारही आराखड्यात हवा. दोन्ही पक्षांना वेगवेगळं बसता येईल आणि येता-जाता एकमेकांसमोर यावं लागणार नाही, अशा दोन खोल्या हव्यात. बाहेरच्या पाटीवर फार डोकं चालवू नये. बार कौन्सिलच्या नियमांत वकिलाला जाहिरातीची मुभा नाही. पाटी वाजवी आकाराची हवी आणि आपण कुठल्या कामात तज्ज्ञ आहोत हेही तिच्यावर लिहिता येत नाही.

राहता राहिला तो माणूस, ज्याच्यासाठी हे सारं. चंदगडहून पहाटेच्या एसटीने निघालेले आजोबा सातबारा आणि फेरफार प्लास्टिकच्या पिशवीत घालून येतात. चकाकती फरशी पाहून ते दारातच विचारतात, चपला काढू का? असं विचारावं लागलं, तर मी माझं काम चुकलं असं मानते. खरखरीत कोटा फरशी घालावी. ती घसरत नाही आणि ओळखीची वाटते. खुर्चीला हात असावेत, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला टेकून उठता येतं. चाकाची खुर्ची आत येण्यासाठी दार नव्वद सेंटिमीटर मोकळं असावं. पाणी मागावं लागू नये. आणि वकिलाने प्रचंड टेबलामागे उंच खुर्चीत बसण्यापेक्षा गोल टेबल घ्यावं. शेजारी बसलेल्या अशिलाला प्रतिज्ञापत्राचा मसुदा ओळीने वाचून दाखवता येतो. समोरच्याला तो उलटा दिसतो.

वकील मंडळींना एकच विनंती. कंत्राटदाराचं शेवटचं बिल चुकतं करण्याआधी ज्युनिअरला केबिनमध्ये बसवा, दार लावून घ्या आणि त्याला वर्तमानपत्र नेहमीच्या आवाजात वाचायला सांगा. तुम्ही बाहेर अशिलाच्या सोफ्यावर बसा. बातमी समजली, तर बिल थांबवा आणि भिंत पुन्हा उघडायला लावा.