आठ ते आठ

पुण्यात कोथरूडमधल्या एका जुन्या सोसायटीचं फाटक. सकाळचे पावणेआठ. ऑक्टोबरचं ऊन आत्ताच मानेला लागतंय. वॉचमनच्या वहीपुढे बायकांची रांग आहे. नाव, फ्लॅट नंबर, वेळ, सही. कुणी कात्रजहून आलंय, कुणी येरवड्याहून. पिशवीत डबा, पाण्याची बाटली. रात्रपाळीच्या बायका जिना उतरतायत, डोळे तांबारलेले. "आज पहाटेपर्यंत झोपले नाहीत," एक जण दुसरीला सांगते आणि बसस्टॉपकडे वळते.

लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावर, आजी-आजोबांना सांभाळणाऱ्या मावशी बेल दाबून उभ्या राहतात. किल्ली त्यांच्या पिशवीत आहे, ती त्या काढत नाहीत. आतून वॉकरचा आवाज येतो. थांबतो. पुन्हा येतो. कडी सरकते आणि आजी हसून म्हणतात, "आलात?"

स्वयंपाकघरात गोळ्यांचा डबा उघडतो. आजींची थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, चहा त्यानंतर अर्ध्या तासानं. फ्रिजवर ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा नंबर चिकटवलाय, 14567. मावशींच्या पाळीसारखी तीही सकाळी आठ ते रात्री आठ. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मावशींच्या रजेचे दिवस पेनानं खुणा करून ठेवलेत. रजेचा पगार अनेक घरांत कापला जातो, काम मिळवून देणाऱ्या ब्यूरोचा वाटा जातो तो वेगळाच. ज्यांच्या हातांवर ही घरं चालतात, त्यांच्या बाबतीत हा हिशेब मला खटकतो.

बाथरूममध्ये भिंतीला स्टीलचे दांडे, खाली रबरी जाळी, बसून अंघोळ करायला उंच स्टूल. व्हीलचेअर मात्र बाहेरच घडी घालून ठेवलेली. दार चोवीस इंचांचं, खुर्ची पंचवीस. ही घरं बांधली तेव्हा इथले सगळे तरुण होते.

आजोबा पलंगावरून उठतायत. बी.पी.ची गोळी चालू आहे, एकदम उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. "कडेला बसा आधी. पाय हलवा. आता उठा," मावशी सांगतात. मग शर्ट. वय ब्याऐंशी, बोटांना कंप. पहिलं बटण काजात जातं. दुसरं निसटतं. पुन्हा निसटतं. मावशी समोर उभ्या आहेत, हात मागे घेऊन. पंख्याचा आवाज तेवढा. मलाच राहवत नाही, वाटतं पुढे होऊन लावून टाकावं. त्या नजरेनंच मला थांबवतात. सगळी बटणं लागतात. कामाची घाई असलेल्या माणसाला ही सेवा जमणार नाही.

नऊ वाजता टॅबवर मुलगा येतो. कॅलिफोर्नियात काल रात्रीचे साडेआठ आहेत. "बाबा, हयातीचा दाखला फोनवर चेहरा दाखवूनही देता येतो. कशाला जाताय?"

"मी जाऊन येतो," आजोबा म्हणतात.

आजींच्या सोबतीला शेजारच्या काकू येऊन बसतात. जिन्यावर मावशी एक पायरी पुढे, आजोबांचा हात कठड्यावर.

बँकेत रांग. बाकं भरलेली, छत्र्या, काठ्या, पासबुकांच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. केंद्र सरकारच्या पेन्शनरांना हा दाखला नोव्हेंबरात द्यावा लागतो, ऐंशी पार केलेल्यांना 1 ऑक्टोबरपासून मुभा. 2011च्या जनगणनेतच देशात साठीपुढची माणसं दहा कोटींच्या वर होती. इथे सोबतीला मुलगा-सून असलेले थोडे दिसतात. बाकीच्यांच्या शेजारी अशाच कुणी मावशी, कुणी पाळीवरचा मुलगा. दोन मावशी आपसात नवीन ब्यूरोचे दर विचारतायत.

काउंटरवर सही जुळत नाही. "अंगठा चालेल, आजोबा."

"सही करतो."

मावशी कागद दोन बोटांनी दाबून धरतात. दुसरी सही चालते.

बाहेर ऊन रणरणतंय. मावशी रिक्षाला हात करतात. आजोबा वाकून विचारतात, "मीटरनं येणार ना?"