काळ्या घोड्याचा कर्ता : जोसेफ एडगर बोएम

मुंबईतील काळा घोडा या भागाला ज्या पुतळ्यामुळे नाव मिळाले, तो घडविणाऱ्या जोसेफ एडगर बोएम (१८३४–१८९०) या शिल्पकाराचा कलेच्या इतिहासात आज ओझरताच उल्लेख येतो. हयातीत मात्र त्याच्याइतका राजाश्रय ब्रिटनमध्ये फार थोड्या शिल्पकारांना लाभला. त्याचा जन्म व्हिएन्नाचा. वडील तेथील शाही टाकसाळीत अधिकारी व नामांकित पदककार असल्याने धातूच्या लहानशा चकतीवर उठावात चेहरा साकारण्याची कला त्याने घरातच पाहिली. १८६२ मध्ये तो लंडनला स्थायिक झाला आणि भाजलेल्या मातीच्या व ब्राँझच्या छोट्या मूर्तींनी, विशेषतः घोड्यांच्या आणि स्वारांच्या मूर्तींनी, त्याने उमरावांची मने जिंकली. १८८१ मध्ये तो व्हिक्टोरिया राणीचा अधिकृत शिल्पकार झाला. राजकन्या लुईझ ही तर त्याची शिष्याच होती.

युवराजाच्या, म्हणजे पुढे सातवा एडवर्ड झालेल्या राजपुत्राच्या, १८७५-७६ मधील भारतभेटीचे स्मारक म्हणून अल्बर्ट ससून यांनी दिलेला मुंबईचा पुतळा १८७९ मध्ये उभा राहिला. हे अश्वारूढ शिल्प, म्हणजे घोड्यावर स्वार झालेल्या व्यक्तीचे शिल्प होय. धातूचा सगळा भार घोड्याच्या बारीक पायांवर तोलावा लागत असल्याने हा प्रकार अवघड मानला जातो. लोकांनी स्वाराला वगळून काळपट ब्राँझच्या घोड्यालाच नाव दिले, ही बोएमच्या अश्वज्ञानाला नकळत मिळालेली दादच म्हणावी लागेल. १९६५ मध्ये पुतळा भायखळ्याच्या राणीच्या बागेत हलविण्यात आला. मूळ परिसरात २०१७ मध्ये नवा घोडा बसविला गेला, तो स्वाराविना.

बोएमचे खरे सामर्थ्य भव्यतेत नव्हते. लंडनमधील वेलिंग्टनच्या स्मारकात (१८८८) चबुतऱ्याच्या चार कोपऱ्यांवर चार सैनिक आहेत. त्यांचे गणवेश काटेकोर असले तरी रचना ताठर वाटते. याउलट चेल्सी येथील थेम्सकाठचा इतिहासकार कार्लाइल (१८८२), अंगावर सैल झगा घेऊन खुर्चीत बसलेला, वृद्धत्वाने थकलेला आणि तरीही विचारमग्न, हे एकोणिसाव्या शतकातील उत्कृष्ट व्यक्तिशिल्पांपैकी एक आहे. निसर्ग-इतिहास संग्रहालयातील त्याचा बसलेला डार्विन (१८८५) १९२७ मध्ये मुख्य जिन्यावरून हटविला गेला आणि २००८ मध्ये पुन्हा तेथेच आणला गेला.

राजाश्रयाची दुसरी बाजूही होती. सरकारी व दरबारी कामांचा ओघ इतका वाढला की साहाय्यकांवर विसंबणे अपरिहार्य झाले. १८८७ च्या ब्रिटिश नाण्यांसाठी त्याने केलेल्या राणीच्या मुखचित्रातील इवल्याशा मुकुटाची टिंगल झाली आणि १८९३ मध्ये ते चित्र बदलण्यात आले. तोवर बोएम हयात नव्हता, आणि शिल्पात कल्पकता व भावोत्कटता शोधणारी नवी पिढी पुढे आली होती. तिचा अग्रणी आल्फ्रेड गिल्बर्ट हा त्याच्याच कार्यशाळेत काम केलेला. शाफ्ट्सबरी स्मारकाचे काम प्रथम बोएमकडे आले होते. त्याने ते गिल्बर्टकडे सोपविले, आणि पिकॅडिलीत १८९३ मध्ये उभी राहिलेली ती पंखधारी मूर्ती लंडनमधील सर्वांत लोकप्रिय शिल्पांपैकी एक ठरली. गिल्बर्टच्या कारकिर्दीचा विचार पुढील लेखांकात करावयाचा आहे.